घरात फोन वाचणाऱ्या पोरांना खरं-खोटं पडताळायला कसं शिकवावं

विदर्भातल्या गावात फोन बहुतेक वेळा बापाचा असतो, पण त्यावर आलेलं वाचतं घरातलं पोर. पीएम किसानचा हप्ता पडला का, लाडक्या बहिणीची केवायसी कुठं करायची, सोयाबीनवर कोणतं औषध मारायचं, उद्या पाणी आहे का, हे सगळं आठवी-नववीतली मुलगी आबाजींना वाचून दाखवते. ती जे सांगेल ते घर खरं धरून चालतं. तिची चूक झाली तर ती एकटीची राहत नाही, बँकेच्या पासबुकात दिसते.

हे टिपण शिक्षक, वाचनालय चालवणारे, बचत गटातल्या ताई, थोडक्यात ज्यांच्याभोवती संध्याकाळी दहा-वीस पोट्टे जमतात अशा कोणासाठीही आहे. लागणारं सामान थोडं: चार मुलांमागे इंटरनेट असलेला एक फोन, एक वही आणि चाळीस मिनिटांच्या पाच-सहा तासिका.

मुलांना एकच प्रश्न पक्का करून द्यायचा: हे खरं असेल तर याचा कागद कुठं असेल? सरकारी योजना असेल तर शासन निर्णय असतो. वाघाने माणूस मारला असेल तर पंचनामा असतो. भाव वाढला असेल तर बाजार समितीत नोंद असते. गावातल्या पोराला कागदाचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही. सातबारा आणि जातीच्या दाखल्यासाठी त्याने तहसीलच्या चकरा पाहिलेल्या असतात.

आधी माल गोळा करा

पुस्तकातली उदाहरणं घेऊ नका. गावातल्या ग्रुपवर महिनाभरात आलेलेच मेसेज घ्या. बारा नग पुरे: पाच खोटे, पाच खरे आणि दोन असे की ज्यांचा निकाल लागत नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर झाकूनच स्क्रीनशॉट वापरा, नाहीतर तासिका संपायच्या आत ‘अमक्याच्या काकाने खोटं पाठवलं’ हे गावभर होतं आणि त्या पोराचं येणं बंद.

जितके खोटे तितकेच खरे मेसेज असलेच पाहिजेत. सगळे खोटेच दिले तर चौथ्या नगापासून मुलं न बघताच ‘खोटं, सर’ म्हणतात. कशावरच विश्वास न ठेवणारं पोर हवामान खात्याचा विजांचा इशाराही उडवून लावतं आणि झाडाखाली जाऊन उभं राहतं. आंधळा विश्वास जितका वाईट, तितकाच हा आंधळा अविश्वास.

जात, धर्म, पक्ष यांवरचे मेसेज पहिल्या तीन तासिकांत नकोत. वर्गाचे दोन गट पडतात आणि पडताळणी बाजूला राहते. हात बसला की मग तेही घ्या, टाळत बसू नका. नेटवर्क नसेल तिथं स्क्रीनशॉट छापून न्या आणि शोधाचे निकालही आधीच साठवून ठेवा.

दावा वेगळा काढणं

पहिल्या तासिकेत खरं की खोटं हे बोलायलाच बंदी ठेवा. मेसेज वाचून एक वाक्य लिहायचं: कोणी, काय, कुठं, केव्हा. हा नमुना घ्या: ‘आत्ताच आलेली बातमी. उद्यापासून तीन दिवस विदर्भात ढगफुटी. सर्व शाळा बंद. कलेक्टर साहेबांचा आदेश. जास्तीत जास्त शेअर करा.’

आता रकाने भरायला सांगा. उद्या म्हणजे कोणता दिवस? मेसेजवर तारीख नाही, म्हणजे तो गेल्या वर्षीचाही असू शकतो. विदर्भात अकरा जिल्हे, अकरा कलेक्टर, यातले कोणते? ढगफुटी तीन दिवस आधी, तीही आख्ख्या विदर्भासाठी, सांगता येते का? आणि कागद? पावसामुळे शाळांना सुट्टी द्यायची झाली तर जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्र निघतं, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असते, आणि ते मुख्याध्यापकांपर्यंत पोचतं. म्हणजे एका फोनचं काम. या एका मेसेजवर वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या; पुढचं सगळं यावर उभं आहे.

याच तासिकेत व्हॉट्सॲपचा बाण दाखवा. एक बाण म्हणजे मेसेज फॉरवर्ड केलेला आहे. दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ अशी खूण म्हणजे तो मूळ माणसापासून पाच किंवा जास्त टप्पे पुढं आला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. याचा अर्थ तो खोटाच, असं नव्हे. ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही तो कुठून आला हे माहीत नाही, एवढाच अर्थ. आणि मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब होतो, म्हणून बाण नाही म्हणजे खात्रीचं, असंही मुलांना समजू देऊ नका.

फोटो आणि व्हिडिओ

फोटोसाठी गूगल लेन्स पुरतं. फोटो गॅलरीत साठवायचा, गूगल ॲपच्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर दाबायचं, गॅलरीतून फोटो निवडायचा. मग चौकट ओढून कामाचा भाग धरायचा: दुकानाची पाटी, गाडीची नंबर प्लेट, डोंगर, पोलिसांचा गणवेश. वर चिकटवलेला मजकूर आणि काळ्या पट्ट्या चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर लेन्स अक्षरांच्याच मागे लागतं.

इथं हमखास होणारी चूक: लेन्स ‘सारखी दिसणारी’ चित्रंही दाखवतं. पूर आलेल्या दोन नद्या सारख्याच दिसतात. म्हणून हुबेहूब तेच चित्र असलेली पानं पाहायची आणि त्यातली सर्वांत जुनी तारीख शोधायची. पैनगंगेच्या आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की काम संपलं. जुना काहीच सापडला नाही तर तो नवा असेलच असं नाही. वहीत ‘सापडलं नाही’ असं लिहायचं.

सरावाला नासाच्या नावाने दर दिवाळीला फिरणारा भारताचा रंगीत उपग्रह-फोटो द्या. तो दिवाळीच्या रात्रीचा नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रह माहितीवरून, रात्रीचे दिवे वर्षागणिक कसे वाढले हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं ते चित्र आहे. पोरांना ते शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि पहिला शोध लागला की त्यांना चव लागते.

व्हिडिओ असेल तर तो तीन ठिकाणी थांबवून तीन स्क्रीनशॉट घ्या: सुरुवात, सगळ्यात लांबून घेतलेलं दृश्य आणि शेवट. तिन्ही लेन्समध्ये टाका. त्याआधी एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून फक्त ऐका. दुसऱ्याच देशातल्या दृश्यावर वऱ्हाडी आवाज चढवणं फार सोपं आहे, आणि आपल्या बोलीतला आवाज आला की माणूस पाटीवरची लिपीसुद्धा बघत नाही.

व्हिडिओचा शेवट का बघायचा, याचं सर्वांत जड उदाहरण २०१८ चं आहे. त्या काळात देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवर दोघे येतात, खेळणाऱ्या पोरांतून एकाला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, मूल सोडतात आणि फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत एवढाच तुकडा कापलेला होता. मुलं पळवण्याच्या अफवांच्या त्याच लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ते भिक्षेकरी होते. आपल्याही गावात सुगीनंतर नाथजोगी, बहुरूपी, वासुदेव येतात, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. अशा मेसेजच्या बाबतीत पडताळणी करत बसायचं नाही, पुढं पाठवायचं नाही. पोलिस पाटलाला सांगायचं किंवा ११२ ला फोन करायचा. भीती पसरवणारी खोटी माहिती पाठवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो, हेही मोठ्या मुलांना ठाऊक असलेलं बरं.

एआयचे व्हिडिओ हा आता वेगळाच धंदा झाला आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्याचा आवडता नट म्हणजे वाघ. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहासमोर वाघाने माणसाला ओढून नेल्याचं सीसीटीव्हीसारखं दृश्य फिरलं. ते एआयने बनवलेलं निघालं. असे व्हिडिओ मुलांना संथ करून दाखवा. वाघाचे पट्टे बघायला सांगा. खऱ्या वाघाचे पट्टे जन्मभर तेच राहतात, ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोंतून वन विभाग वाघ ओळखतो तो त्यावरूनच. बनावट दृश्यात पट्टे पावलागणिक सरकतात, कधी शेपटी क्षणभर दिसेनाशी होते, मागच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं वाचताच येत नाहीत, कोपऱ्यातली वेळ पुढं सरकत नाही. अनेकदा क्लिप आठ-दहा सेकंदांत संपते.

पण या खुणांवर फार विसंबू नका. त्या महिन्या-महिन्याला कमी होत आहेत. माणूस खरंच गेला असेल तर वनपरिक्षेत्र अधिकारी येतो, पंचनामा होतो, घरच्यांना मदत मिळायची असते, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात गावाच्या नावानिशी बातमी असते. हे काहीच नसेल आणि फक्त व्हिडिओच असेल, तर पट्टे कितीही ठीक असोत, तो खरा धरायचा नाही.

योजना, जीआर आणि लिंक

इथं थेट पैसा जातो, म्हणून दोन तासिका द्या.

आधी पत्ता वाचायला शिकवा. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते तिथं बोट ठेवायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. बोटाच्या लगेच डावीकडे ‘जीओव्ही डॉट आयएन’ असेल तर पान सरकारी. ‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट आयएन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असं असेल तर मालक अमुकतमुक. त्याच्या डावीकडचं सगळं नटवणं. फळ्यावर पाच पत्ते लिहा आणि मालक ओळखायला लावा.

मग लगेच हा नियम मोडून दाखवा. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि इंटरनेट डेटा मिळतो, असा मेसेज आला तर हुशार पोरगं तो खोटा ठरवतं. फुकट टॅब म्हटलं की फसवणूकच, शिवाय पत्ता ‘ओआरजी डॉट आयएन’चा. पण महाज्योती ही नागपूरची राज्य सरकारचीच संस्था आहे आणि ही योजना तिने खरोखर राबवली आहे. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचा पत्ताही जीओव्हीचा नाही. म्हणजे जीओव्ही दिसलं तर भरवसा वाढतो, पण नाही दिसलं तर खोटं ठरत नाही. अशा वेळी ते पान सोडून बाहेर यायचं आणि दुसरीकडं विचारायचं: एखाद्या सरकारी पानावर या संस्थेची लिंक आहे का? शाळेत पत्र आलं का? समाजकल्याण किंवा ओबीसी कल्याण कार्यालयाला माहीत आहे का? अर्जाची मुदत चालू आहे की मेसेज गेल्या वर्षीचा आहे, हेही तिथंच कळतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी पानं दिली, तेव्हा तपासनीसच पुढं निघाले. पान वरपासून खालपर्यंत वाचण्याऐवजी ते झटकन बाहेर पडून इतर लोक त्या पानाबद्दल काय म्हणतात हे बघत होते.

जीआर म्हणून पीडीएफ आली तर शेवटचा परिच्छेद उघडायचा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी ‘सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक...’ असं वाक्य असतं आणि पुढं अठरा अंक असतात. पहिले आठ अंक म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वर छापलेली तारीख आणि हे आठ अंक यांत महिन्यांचा फरक असेल तर शंका घ्या. तेवढ्यावर थांबू नका, कारण अंक बनवताही येतात. तो आख्खा संकेतांक शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावर शोधात टाका. खरा असेल तर तीच पीडीएफ उतरते. दोन्ही शेजारी ठेवून रक्कम आणि पात्रता जुळवा. खऱ्या जीआरमध्ये एक आकडा बदलून फिरवलेली प्रतही येते.

केंद्राच्या योजनेबद्दल शंका असेल तर पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप नंबरवर मेसेज पाठवता येतो. ते फक्त केंद्र सरकारच्या विषयांचं तपासतात. लाडकी बहीण किंवा शाळेची सुट्टी तिथं विचारून उपयोग नाही. इतर दाव्यांसाठी दाव्यातले तीन-चार ठळक शब्द आणि पुढं ‘फॅक्ट चेक’ असं मराठीतच टाकून शोधा. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज हे मराठीत तपासण्या देतात.

भाव, पाऊस, औषध

यूट्यूबच्या चित्रावर ‘कापूस बारा हजार’ असं लाल अक्षरांत असतं. मुलांना राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचा बाजारभावाचा तक्ता उघडून द्या आणि हिंगणघाट किंवा अमरावतीची ओळ काढायला लावा. त्यात आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. व्हिडिओवाले जास्तीत जास्तचा आकडा उचलतात. तो भाव दोन-चार क्विंटललाच मिळालेला असू शकतो. घरी सांगायचा तो सर्वसाधारण दर. ‘हमीभाव वाढला’ म्हणून मेसेज आला तर आकडा ताडून बघा: २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये, लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये क्विंटल. हमीभाव हंगामागणिक बदलतो, म्हणून मेसेजवर वर्ष आहे का तेही बघा.

पावसासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा, विजेसाठी दामिनी ॲप. बाकी कोणी कितीही नावाजलेला असो, या दोहोंशी ताडून घ्यायचं.

फवारणीचं मात्र घाईने सोडू नका. ‘ही तीन औषधं एकत्र करा, बोंडअळी साफ’ असे व्हिडिओ पोरं बघतात आणि बापाला सांगतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, हे तिथल्या मुलांना सांगावं लागत नाही. इथला कागद म्हणजे डब्याचं लेबल आणि आतलं पत्रक: त्यावर पीक, कीड आणि मात्रा लिहिलेली असते. व्हिडिओतलं मिश्रण त्यात नसेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय पंपात जाऊ नये. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत जहाल विष, एवढं पाचवीच्या पोरालाही यावं.

साप चावल्यावर चिरा द्या, चोखा, अमुक मुळी घासा असं काहीही आलं तरी पडताळणीला थांबायचं नाही. माणसाला हलू न देता, पैंजण-अंगठी काढून, १०८ बोलावून किंवा मिळेल त्या गाडीने सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. गावाजवळ ती कुठं मिळते हे आशा ताईला आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शिकवताना कुठं बिघडतं

‘गूगलवर आहे’ हा मुलांचा पुरावा असतो. गूगल म्हणजे वाट, मुक्काम नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ती कधी जाहिरात असते, कधी एआयने बनवलेलं तयार उत्तर. दोन्ही ओलांडून खाली जायचं, पान उघडायचं, तारीख बघायची. चॅटबॉटला ‘हे खरं आहे का’ विचारणं हीही तीच खोड. तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.

दुसरं, वर्तमानपत्राचं कात्रण किंवा वाहिनीचा लोगो दिसला की शंका संपते. कात्रणावर पेपराचं नाव, आवृत्ती आणि तारीख नसेल तर ते कात्रण नाही, चित्र आहे. तारीख असेल तर त्या दिवसाचा ई-पेपर उघडून तेच पान बघा. वाहिनीचं ग्राफिक असेल तर त्यांच्या स्वतःच्या पानावर ते आहे का बघा, आणि अक्षराचं वळण रोजचंच आहे ना तेही.

तिसरं, फोन कोणाच्या हातात. चारच्या गटात एकच पोरगं फोन धरतं आणि बाकीचे बघे होतात. दर नगाला फोन पुढच्याच्या हातात द्या. मुलींच्या हाती फोन आपोआप येत नाही, तो द्यावा लागतो.

घरच्या मोठ्यांना सांगताना

मुलं इथंच अडतात. ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘काकाजी, हे फेक आहे’ असं टाकलं की काकाजी दुखावतात आणि आणखी चार तसेच मेसेज टाकतात. वेगळा मेसेज करायचा किंवा घरी जाऊन सांगायचं, आणि खरी गोष्ट आधी: ‘काकाजी, पीएम किसानचा अर्ज त्याइच्याच सरकारी साइटवर भरा लागते. तुम्ही टाकली ते लिंक दुसऱ्या कोणाची हाय, मी पायली. ग्रुपवरून काढून टाकता का?’ खोटा मेसेज दाखवण्यासाठी पुन्हा पाठवायचा नाही; दाखवायचाच असेल तर त्यावर आडवी रेघ मारून.

वर्गात दोन पोरांना काकाजी आणि पुतण्या करून हे वठवून घ्या. आठ-दहा मिनिटं लागतात, हशा होतो, पण वाक्य तोंडात बसतं.

फाइल उघडलीच तर

पीएम किसान, आरटीओ चलन, लग्नपत्रिका अशा नावाची आणि शेवटी ‘एपीके’ असलेली (म्हणजे उघडताच फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडायची नाही. ॲप हवं असेल तर प्ले स्टोअरमधून, तेही बनवणाऱ्याचं नाव वाचून. कोणी उघडलीच असेल तर लपवू नका, असं मुलांना आधीच सांगून ठेवा. मार बसेल या भीतीने रात्रभर गप्प राहिलेल्या पोरामुळे खातं रिकामं होतं. लगेच एरोप्लेन मोड लावायचा म्हणजे ओटीपीचे मेसेज चोराकडे जाणं थांबतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं आणि यूपीआय थांबवायला सांगायचं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. जितक्या लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीला व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम लागते, म्हणून बँकेचा मेसेज पुसू नका. तक्रार क्रमांक वहीत उतरवा, आणि फोन पुन्हा वापरण्याआधी ते ॲप काढून, जमलं तर फोन रिसेट करून, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.